फाकपंचमी ते तेरस : भरती-ओहोटी पाहून आखलेला कोकणचा प्रवास

गेल्या रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा पसरलेला होता आणि त्याच्या शेजारी दिनदर्शिकेचे फाल्गुन महिन्याचे पान होते. नकाशा माझा आणि दिनदर्शिका आईची. नऊ दिवसांत अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने गाडीने जायचे, वाटेत अभयारण्य आणि कासवांचा किनारा पाहायचा, रोज एखाद्या गावात मुक्काम करायचा आणि शेवटी आईच्या माहेरी शिमग्याला पोहोचायचे, एवढे आमचे ठरलेले होते. ते कसे करायचे हे ठरवायला तीन रविवार लागले. या मार्गाने जाणाऱ्या इतरांना त्या तीन रविवारांचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून सारे सविस्तर लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी हाच किनारा चार दिवसांत पार केला होता, तोही थेट मालवणपर्यंत. फोनवरच्या नकाशाने अलिबाग ते मालवण जे तास दाखवले, त्यांना चाराने भागले आणि येईल त्या आकड्यावर खोल्या आरक्षित केल्या. कोकणचा किनारा असा भागता येत नाही हे दुसऱ्याच दिवशी कळले. शनिवारची दुपार होती, बागमांडल्याला फेरीबोटीसाठी गाड्यांची लांब रांग होती, आणि आमची गाडी बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीच्या धक्क्यावर उतरली तेव्हा सूर्य मावळलेला होता. त्या दिवशीचा मुक्काम पुढे दापोलीजवळ होता. मंडणगडच्या बाजूने वळणावळणाच्या अंधाऱ्या रस्त्याने जाताना वेळासकडे वळण्याची पाटी दिव्यांच्या उजेडात क्षणभर दिसली आणि मागे गेली. ज्या गावासाठी मी हा प्रवास काढला होता, त्या गावाची मला एवढीच ओळख झाली. या खेपेची सारी आखणी त्या पाटीपासून सुरू झाली आहे.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा आहे असे आम्ही शाळेत शिकलो. पण हा किनारा सलग नाही. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद होते, भरतीचे पाणी तिच्यात कित्येक कोस आत शिरते आणि तिची खाडी होते. अलिबाग ते रत्नागिरी या टप्प्यात गाडी बोटीवर चढवून ओलांडाव्या लागणाऱ्या अशा चार मोठ्या खाड्या आहेत. आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आहे, बागमांडले आणि वेश्वी यांच्यामध्ये सावित्रीची म्हणजे बाणकोटची, दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची, तर तवसाळ आणि जयगड यांच्यामध्ये शास्त्री नदीची. बोट चुकली आणि रस्त्यानेच जायचे ठरवले, तर समोर दिसणाऱ्या तीरावर पोहोचण्यासाठी थेट महामार्गापर्यंत आत जाऊन परत किनाऱ्याला यावे लागते. दाभोळहून गुहागरला खेड-चिपळूणमार्गे जायचे म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक फेरा पडतो, आणि तेच अंतर बोटीने ओलांडायला चहा पिण्याएवढाही वेळ लागत नाही.

रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राकाठाने सलग रस्ता असावा ही कल्पना अब्दुल रहमान अंतुले यांनी ते मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडली. ते स्वतः म्हसळे तालुक्यातल्या आंबेतचे होते आणि या खाड्यांनी माणसांची किती कोंडी होते हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. मधल्या काळात लहान खाड्यांवर पूल झाले आणि आता मोठ्या खाड्यांवरचे पूलही हाती घेण्यात आले आहेत. ते लवकर पुरे व्हावेत असेच मला वाटते, कारण रात्री अडलेल्या बाळंतिणीला पलीकडच्या तालुक्याच्या गावी न्यायचे असते तेव्हा फेरीबोटीची रम्यता कोणाच्याही उपयोगाची नसते. पण आज या रस्त्याने जाणाऱ्याने आपला दिवस खाडीप्रमाणे बेतला पाहिजे. आम्ही नकाशावर आधी चार खाड्यांवर चार खुणा केल्या आणि एका दिवसात एकच खाडी, हा पहिला नियम ठरवला. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा दुसरा.

तिसरा नियम आईचा आहे. माझ्या आजोबांची बाग खाडीच्या पलीकडे होती आणि तरीने रोज जाणे-येणे असे. त्यांच्याकडून आईने लहानपणीच भरतीचे गणित शिकून घेतले. मी फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा शोधत बसले होते तेव्हा ती म्हणाली, "तिथीची पाऊणपट कर. फोन कशाला लागतो त्याला?" पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यापासून सव्वासहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि प्रतिपदेपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्याबरोबर तेवढीच मागे सरकते, हे या गणिताचे मूळ. भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो त्या तक्त्यांशी मी आईच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासापलीकडे फरक पडला नाही. आखणी करायला एवढे पुरेसे आहे, प्रत्यक्ष पाण्यात पाय घालताना मात्र तक्ता आणि गावातला माणूस या दोघांनाही विचारावे.

केवळ वेळ कळून भागत नाही, पाणी किती चढते-उतरते हेही पाहावे लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप वर येते आणि ओहोटीला तितकेच लांब जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची ये-जा कमी. गेल्या वेळी दिघीच्या धक्क्यावर ऐन ओहोटीला आमची गाडी उतरली होती. पाणी खाली गेल्यामुळे बोटीच्या लोखंडी फळीचा उतार तीव्र झाला होता, धक्क्याच्या दगडांवर हिरवे शेवाळ चमकत होते, आणि पुढची चाके दगडाला लागत असतानाच गाडीचे पोट फळीच्या कडेवर घासल्याचा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मागे तीन माणसे, नऊ दिवसांचे सामान आणि जमिनीपासून फारशी उंच नसलेली गाडी असेल, तर खाडी अर्ध्या भरतीनंतरच ओलांडावी असे माझे मत झाले आहे.

असे सगळे जुळवत गेल्यावर फाल्गुन शुद्ध पंचमी हा निघण्याचा दिवस आपोआप पुढे आला. ही फाकपंचमी. कोकणात शिमग्याची सुरुवात या दिवशी होते. आईच्या माहेरी तेरसे शिमगे असतात, म्हणजे होम पौर्णिमेला न होता त्रयोदशीला होतो, आणि पंचमी ते त्रयोदशी हे बरोबर नऊ दिवस. कासवांची पिल्ले बाहेर येण्याचा काळही साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो, त्यामुळे तेही साधते. थंडी ओसरलेली असते, उकाडा अजून अंगावर येत नाही आणि घराघरांत ओल्या काजूगरांची उसळ होत असते.

पंचमीला पहाटे पाचच्या आधी पुण्याहून निघून नऊपर्यंत अलिबागला पोहोचायचे, कारण दहाला ओहोटी आहे आणि कुलाबा किल्ल्यात चालत जायचे आहे. हा किल्ला भरतीला पाण्याने वेढलेला असतो आणि ओहोटीला वाळूतून वाट मोकळी होते. चालणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते, त्यामुळे आईचीही अडचण नाही. तिथून पुढे चौल, रेवदंडा आणि खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई. कोर्लईचा किल्ला बहुतेक जण पाहतात. मला थांबायचे आहे ते पायथ्याच्या गावात. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली घरात बोलली जाते, जिला ते लोक 'नॉ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन केला आणि ते गेले. राज्य गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनंतरही ओट्यावर बसलेल्या आजीच्या तोंडी ती भाषा टिकून राहावी, याचे मला फार अप्रूप आहे.

त्या रात्री मुक्काम सुपेगावला, फणसाड अभयारण्याच्या कडेला. हे एके काळचे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर आहे. समुद्राला इतके लागून असलेले दाट रान आपल्या किनाऱ्यावर फारसे उरलेले नाही. या रानातल्या पाणवठ्यांना स्थानिक लोक 'गाण' म्हणतात. फणसाड गाण, चिखल गाण अशी त्यांची नावे आहेत आणि अभयारण्यालाही नाव त्यातल्याच एकावरून मिळाले आहे. षष्ठीच्या पहाटे गाणाच्या वाटेवर चालायचे, उंच झाडांच्या शेंड्यांकडे शेकरूसाठी नजर ठेवायची आणि काही दिसले नाही तरी दोन तास न बोलता रानात काढायचे, एवढाच बेत आहे. बिबट्या, सांबर, भेकर ही नावे वाचून मुलांना घेऊन येणाऱ्यांची निराशा होते. फणसाडमध्ये झाडे आणि पाखरे पाहायला जावे. गारंबीच्या वेली दोन-दोन झाडांवरून झुल्यासारख्या गेलेल्या असतात आणि त्यांच्या शेंगा हातभराहून लांब असतात, त्या पाहूनच आईला तिथे नेण्याचे मी ठरवले.

षष्ठीला दुपारी मुरुड आणि राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिरा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मुरुड दोन आहेत. एक हे जंजिऱ्याचे मुरुड, रायगड जिल्ह्यातले, आणि दुसरे दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे. मागच्या वेळी मी एका रात्रीची खोली चुकीच्या मुरुडात आरक्षित केली होती, आणि दोन मुरुडांच्या मध्ये दोन खाड्या आहेत. वेळासही दोन आहेत. कासवांचे वेळास बाणकोटजवळ, मंडणगड तालुक्यात, आणि दुसरे दिघीच्या बाजूला श्रीवर्धन तालुक्यात. आरक्षण करताना गावाबरोबर तालुक्याचे नाव विचारावे.

सप्तमीला सकाळी आगरदांड्याची खाडी ओलांडून दिवेआगर, आणि अष्टमीला शेखाडी, आरावीच्या बाजूने श्रीवर्धन. हा रस्ता समुद्राच्या इतक्या जवळून जातो की एका बाजूच्या खिडकीत फक्त पाणी असते. पण दिवेआगर-श्रीवर्धनला मी एक रात्र ठेवली आहे ती त्या रस्त्यासाठी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच भागात किनाऱ्याला लागले आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गेले. आम्ही तीन वर्षांपूर्वी जिथे उतरलो होतो त्या घरामागे तेव्हाही कमरेएवढ्या उंचीवर मोडलेले पोफळींचे बुंधे रांगेने उभे होते आणि दोन बुंध्यांच्या मधोमध, पाटाच्या ओलीत, गुडघाभर उंचीची नवी रोपे लावलेली होती. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षे सहज जातात. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांतून येते त्या वाड्या पिढ्यांनी लावलेल्या होत्या. त्या घरच्या काकूंना मी परवा फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "या, या. आता रोपं डोक्याच्या वर गेली आहेत. ह्या वर्षी कुठंकुठं फुलोरा दिसेलसं वाटतंय." त्या रोपांना पाहायला मला जायचे आहे. खोलीचे भाडे अशा घरी गेले तर त्या वाडीला पाणी मिळते, म्हणून शक्य तिथे आम्ही मोठी रिसॉर्टे टाळून घरीच उतरणार आहोत.

अष्टमीला दुपारी बाराला हरिहरेश्वर. देवळामागे डोंगर उतरून समुद्राच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, आणि ती केवळ ओहोटीलाच चालता येते. बाराला ओहोटी असली तरी अष्टमी म्हणजे भांग, त्यामुळे पाणी फार मागे जाणार नाही. तेथे लाटेने माणसे ओढली गेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. म्हणून आमचे असे ठरले आहे की पायऱ्या उतरून लाटांनी कोरलेले ते जाळीदार खडक पाहायचे, देवळातल्या माणसांना विचारायचे, आणि त्यांनी मान हलवली नाही तर तिथूनच परत फिरायचे. आईने तर पायऱ्यांच्या वर बसून हात जोडण्याचे आधीच कबूल केले आहे. मग अर्धी भरती झाल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास, बागमांडल्याची बोट धरायची आणि उन्हे कलायच्या आधी वेळास.

वेळासला दोन रात्री आहेत. सगळ्या प्रवासात दोन रात्रींचा मुक्काम एवढा एकच, आणि त्याबद्दल घरात बरीच चर्चा झाली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ती अंडी माणसे नेत, कोल्ही-कुत्री उकरून खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये येथे संवर्धनाचे काम सुरू केले, गावातल्याच तरुणांना त्यात घेतले, आणि काही वर्षांतच पिल्ले पाहायला येणाऱ्यांसाठी गावाने आपली घरे उघडली. अंडी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात आणि पिल्ले बाहेर यायच्या सुमारास त्यावर टोपली झाकून ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलली जाते. खाली पिल्ले असतील तर त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात आणि ती आपल्या पायांनी समुद्राकडे जातात. त्यांना उचलून पाण्यात टाकायचे नसते. पाहणाऱ्यांनी दोरीच्या मागे उभे राहायचे, फोटो काढताना फ्लॅश वापरायचा नाही आणि हात लावायचा नाही. पिल्लू तळहातावर मावेल एवढे असते, आणि आपल्या पावलाने वाळूत पडलेला खड्डाही त्याला ओलांडता येत नाही.

ज्यांच्या घरी आम्ही उतरणार त्या वहिनींना मी विचारले की नवमीला नक्की पिल्ले दिसतील का. त्या म्हणाल्या, "टोपलीखाली काय आहे ते टोपलीच जाणे, ताई. दोन दिवस राहा, म्हणजे चार वेळा टोपली उचललेली बघाल." अंडी उबायला पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात आणि वाळूच्या उष्णतेप्रमाणे ते पुढेमागे होते. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उष्णतेवरच ठरते. अशा गोष्टीला तारीख देता येत नाही. वहिनींच्या या उत्तरावरूनच दुसरी रात्र पक्की झाली. मधल्या दिवशी बाणकोटचा किल्ला आहे आणि वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव असल्यामुळे गावातही पाहण्यासारखे आहे. पण काही न पाहता ओटीवर बसून राहिलो तरी चालेल असे मी सर्वांना सांगून ठेवले आहे.

दशमीला केळशी आणि आंजर्ले. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला आई लग्नानंतर एकदाच आली होती. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि हर्णैच्या बाजूने तरीत बसून यावे लागले होते. आता पूल आहे, गाडी थेट वरपर्यंत जाते. वाटेवरून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव असतो आणि तो पाहण्यासारखा आहे. टोपल्यांच्या राशी, ओरडून लावलेली बोली आणि पायाखाली चिखल-पाणी, त्यामुळे जाताना पायात रबरी चपला असाव्यात.

एकादशीला दाभोळची खाडी आणि गुहागर. त्या दिवशी शनिवार येतो. पहिल्या दोन खाड्या मधल्या वारी येतील असे आम्ही पाहिले, पण नऊ दिवसांत चारही खाड्या तशा बसवता येत नाहीत. म्हणून शनिवार-रविवारच्या दोन्ही खाड्या सकाळीच ओलांडायच्या. पर्यटकांची रांग लागते ती दुपारी. सव्वाआठला भरती असल्यामुळे सकाळी गाडी चढवणे-उतरवणेही सोपे जाईल. आईचा उपास आहे आणि गुहागरला ज्यांच्या घरी उतरणार तिथे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी सांगून ठेवली आहे.

द्वादशीला भरतीची वेळ नऊ. ही वेळ हेदवीसाठी धरली आहे. हेदवीच्या किनाऱ्यावर खडकात एक अरुंद फट आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या फटीत शिरते, कोंडली जाते आणि पाणी उंच उसळते. ओहोटीला गेलात तर एक साधी भेग दिसते आणि इतक्या लांब का आलो असे वाटते. मागच्या वेळी आम्ही दुपारी एकला गेलो होतो. द्वादशीपर्यंत भांग संपून उधाण लागलेले असते, त्यामुळे पाण्याला जोरही असेल. घळीच्या तोंडाशी जायचे नाही, वरच्या खडकावरून पाहायचे. मग तवसाळहून जयगड आणि मुक्काम मालगुंडला, केशवसुतांच्या गावी. गणपतीपुळ्याला गर्दी असते. मालगुंड शेजारीच आहे आणि शांत आहे.

त्रयोदशीला आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी आणि पुढे आईचे माहेर.

पहिल्या आराखड्यात येथून पुढे पूर्णगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर आणि मालवण होते. ते काढून टाकणे मला फार जड गेले. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. ते सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे, त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे आणि पाण्याखाली प्रवाळ आहे. राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे तर आपल्या दारात असलेले आश्चर्य आहे. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी येथील ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे. हे सगळे आणखी चार दिवसांत उरकता आले असते. पण उरकणे मी एकदा केले आहे. रत्नागिरी ते रेड्डी हा वेगळा प्रवास आहे, त्याला वेगळे नऊ दिवस आणि दिवाळीनंतरचे नितळ पाणी हवे, असे म्हणून मी नकाशाचा खालचा भाग घडी घालून ठेवला.

शिमग्याचे दिवस निवडल्यामुळे एक मोठी अडचण आली, ती मोकळेपणाने सांगते. मुंबईचे चाकरमानी याच आठवड्यात गावी येतात, घरे भरलेली असतात, आणि ज्यांच्या घरी आपण उतरणार त्यांच्याकडेही पालखी यायची असते. दोन घरांनी आम्हाला त्याच कारणासाठी नाही म्हटले, आणि ते योग्यच होते. ज्यांनी होकार दिला त्यांना मी स्वतःहून सांगितले आहे की त्या दिवशी जेवण साधे असले तरी चालेल आणि देवाची माणसे आली तर आम्ही पडवीत बसू. रस्त्यात कुठे नमन-खेळे चालले असतील, संकासुराचा काळा वेश आणि उंच टोपी दिसेल, पालखीसाठी गाडी थांबवून ठेवावी लागेल. त्या वेळा कोणत्याही तक्त्यात नाहीत, म्हणून दर दिवशी दोन तास मोकळे सोडले आहेत.

रविवारी रात्री मामाचा फोन आला. सारा बेत त्याला वाचून दाखवला. हरिहरेश्वर, वेळास, हेदवी ही नावे तो हुं हुं करत ऐकत होता. आईने फोन हातात घेतल्यावर मात्र त्याने एकच विचारले, "ते सगळं खरं, पण तेरशीला किती वाजेपर्यंत पोचशील गो ताई? होळीचा माड सांजेला उभा करतात. तुझ्या दारातून पालखी निघायची तर तू नको काय?" आई एकवीस वर्षांनी शिमग्याला जाते आहे. तिने दिनदर्शिका पुढे ओढली आणि पंचमीपासूनच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने भरतीची वेळ लिहीत गेली. त्रयोदशीला पावणेदहा असे लिहिले, मग ते खोडले आणि त्या जागी 'दुपारी चारच्या आत' असे लिहिले.